पहिला अल्बम, हलगी आणि बीटचा कागद

26 जूनला, शाहू जयंतीला, आमचा रॅपचा अल्बम आला. 5 जुलैला पहिल्या शिफ्टला शिरोलीला निघालो होतो. बसमध्ये मेल आला, तुमचा अल्बम सगळ्या प्लॅटफॉर्मवरून काढत आहोत. आठ गाणी, दोन वर्षं आणि 62,000 रुपये. कावळा नाका येईपर्यंत मी तो मेल चार वेळा वाचला, तरी आपलं नेमकं काय चुकलं ते समजलं नाही. त्या दिवशी मशिनवर उभा होतो, पण हात कुठं आणि लक्ष कुठं.

आता तो अल्बम परत आला आहे. गेल्या काही महिन्यांत कोल्हापूर आणि इचलकरंजीकडच्या पाच-सहा जणांनी "पहिला अल्बम कसा काढायचा" म्हणून विचारलं, त्यात एक बारावीतली मुलगीही आहे. त्या सगळ्यांसाठी एकदाच लिहून ठेवतो. यमक, फ्लो, माईक, सॉफ्टवेअर हे तुम्हाला येतं असं धरतो. ते शिकायला ढीगभर व्हिडिओ आहेत.

आधी विषयाचं. "सामाजिक" रॅप म्हणून जे कानावर पडतं, त्यातलं निम्मं बातमी वाचून लिहिलेलं असतं. मीही तेच केलं होतं. पुरावरचा माझा पहिला खर्डा म्हणजे पाणी आलं, घर गेलं, सरकार झोपलं. असं कुणीही कुठंही बसून लिहील. आपण पंचगंगेच्या काठची माणसं. जुलै-ऑगस्टात इथं शाळकरी पोरगंसुद्धा राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतं. 39 फूट इशारा, 43 फूट धोका, हे इथं पाढ्यासारखं पाठ असतं. आणि मी गाण्यात नुसतं "पाणी" लिहून मोकळा झालो होतो.

मग प्रयाग चिखलीला गेलो. 2019 ला बुडालेलं आणि 2021 ला पुन्हा बुडालेलं गाव. तिथं एका मावशींनी सांगितलं, "रात्री म्हशी सोडल्या. दावं सोडलं, कापलं न्हाई. कापलं असतं तर परत आल्यावर बांधायचं कशानं?" अंधारात, कमरेएवढ्या पाण्यात, भिजून घट्ट झालेली गाठ ती बाई बोटांनी सोडत होती, कारण तिला म्हशी परत येणार असं धरून चालायचं होतं. माझं गाणं तिथं सुरू झालं. खर्ड्यातली एकही ओळ त्यात राहिली नाही.

मावशींचा आवाज गाण्याच्या सुरुवातीला आहे. त्या म्हणाल्या, आवाज घे, नाव नको. मग नाव नाही. गाणं पूर्ण झाल्यावर जाऊन त्यांना फोनवर ऐकवलं आणि त्यांनी हो म्हटल्यावरच पुढं गेलो. ज्यांच्या दुःखावर तुम्ही गाणं करता त्यांना ते आधी ऐकवा. यात मी कुणाचीही सबब ऐकणार नाही. वेळ नव्हता म्हणणाऱ्यानं दुसऱ्या विषयावर लिहावं.

भाषेचं एवढंच सांगतो, घरात बोलता तसं लिहा. हिप-हॉपचा जन्म 11 ऑगस्ट 1973 चा मानतात, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या एका बिल्डिंगमधली पार्टी. तिथल्या पोरांनी आपल्या गल्लीची भाषा लपवली नाही, मग आपण पेठेत राहून मुंबईच्या पोरांची हिंदी का उसनी घ्यायची? शाहिरी आपल्या घरची आहे. अण्णाभाऊ साठे, अमर शेख यांनी गिरण्यांच्या संपात डफावर जे केलं, तेच आपण माईकवर करतोय.

गुरूंविषयी माझं मत कडक आहे. फोनवर "मेंटॉरशिप" विकणाऱ्यांना पैसे देऊ नका. मी 8,000 दिले आणि त्यांनी मला हॅशटॅग शिकवले. मला खरं शिकवलं ते पेठेतल्या एका हलगीवाल्या काकांनी, ज्यांनी रॅप कधी ऐकलेलं नव्हतं. माझं एक कडवं ऐकून ते म्हणाले, "लेका, दम कुठं घेतोस ते आधी ठरीव, मग शब्द बसीव." पोवाड्यात झीलकरी, म्हणजे शाहिराच्या मागं साथीला उभे असलेले, "जी जी रं जी" उचलतात तेवढ्यात शाहीर श्वास भरून घेतो. मी माझ्या दोन गाण्यांत तीच जागा दोस्तांच्या आवाजात ठेवली. तेव्हापासून स्टेजवर दम लागत नाही. गुरू हवाच, पण तो तुमचं काम कान देऊन ऐकणारा हवा.

आता जिथं मी पडलो ते. हे लांबेल, पण पूर्ण वाचा.

आठपैकी सहा गाण्यांच्या बीट, म्हणजे रॅपच्या मागं वाजणारं तयार संगीत, मी नेटवर विकत घेतल्या होत्या. एकेक साधारण 2,000 रुपयांना. पैसे भरले, फाइल आली, सोबत चार पानांची इंग्रजी पीडीएफ आली. मी पहिलं पान वाचलं, त्यावर माझं नाव दिसलं, मला वाटलं बीट आपली झाली. नव्हती. ते नॉन-एक्सक्लुझिव्ह लीज होतं, म्हणजे भाड्यानं घेतलेली खोली, आणि त्याच खोलीच्या किल्ल्या मालकानं आणखी कितीतरी लोकांना दिलेल्या. त्यांनी माझ्यासारखेच पैसे भरलेले, त्यांचाही हक्क माझ्याइतकाच. तिसऱ्या पानावर साफ लिहिलं होतं की ही बीट वापरलेलं गाणं यूट्यूबच्या कंटेंट आयडीत नोंदवायचं नाही. मी तिसरं पान उघडलंच नाही.

आपली गाणी सगळ्या प्लॅटफॉर्मवर पोचवणारी कंपनी म्हणजे डिस्ट्रिब्युटर. तिच्या फॉर्मवर एक चौकोन असतो, यूट्यूबवर तुमच्या गाण्याचं संरक्षण हवं का. माझी मेहनत आहे, चोरी होऊ नये, म्हणून मी आठही गाण्यांवर टिक केलं. कंटेंट आयडी म्हणजे काय ते नीट समजून घ्या. तुमच्या ऑडिओचा एक ठसा तयार होतो आणि यूट्यूबवर चढणारा प्रत्येक व्हिडिओ त्या ठशाशी ताडून बघितला जातो. जुळला की तुमच्या नावानं त्या व्हिडिओवर दावा लागतो. मशिनला शब्द माझे आणि बीट दुसऱ्याची हा फरक कळत नाही. मागचं वाजतंय ते सारखं, एवढंच त्याला दिसतं. त्यामुळं तीच बीट रीतसर घेतलेल्या दुसऱ्या पोरांच्या गाण्यांवर माझ्या नावानं दावे गेले. कोण कुठल्या देशातला पोरगा, माझ्यासारखाच शिफ्ट करून गाणं काढणारा, त्याच्या गाण्याचे पैसे माझ्यामुळं अडकले. त्यांनी तक्रारी केल्या, बीट बनवणाऱ्यानंही केली, आणि डिस्ट्रिब्युटरनं अख्खा अल्बम उतरवला. मी सहा मेल लिहिले, सहाही वेळा तेच ठरलेलं उत्तर आलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण चूक माझ्या टिकची होती. माणूस म्हणून कुणीतरी एकदा बोलायला हवं होतं, एवढं मात्र वाटतं.

उतरलेल्या अल्बमपेक्षा मला त्या दाव्यांचं जास्त लागलं. मी हक्कावर गाणी लिहिली होती आणि माझ्या हातून दुसऱ्याच्याच हक्कावर पाय पडला होता.

म्हणून बीट घेताना आधी तुमच्या हातात कुठला कागद आहे ते ओळखा. "फ्री" लिहिलेली बीट बहुतेक वेळा फक्त पैसे न कमावणाऱ्या वापरासाठी असते. स्ट्रीमिंगवर टाकली की तो वापर कमाईचा होतो. लीजवर गाणं काढायला काही हरकत नाही, पण किती स्ट्रीमपर्यंत चालते, किती वर्षं, आणि व्हिडिओ करता येतो का ते वाचा, आणि कंटेंट आयडीचा चौकोन मोकळा सोडा. एक्सक्लुझिव्ह, म्हणजे यापुढं दुसऱ्या कुणाला न विकायच्या बोलीवर घेतली, तरी निर्धास्त होऊ नका. तुमच्या आधी ज्यांनी ती लीजवर घेतली त्यांची लीज सहसा चालूच राहते, म्हणजे तिथंही चौकोन मोकळाच. बीटमध्ये लायब्ररीतला तयार लूप, म्हणजे परत परत वाजणारा तुकडा, असेल तर तोच लूप हजार गाण्यांत असतो, परिणाम तोच. फक्त अथपासून इतिपर्यंत तुमच्या माणसांनी वाजवलेलं, आणि ज्याचा कागद तुमच्याकडं आहे, तेच नोंदवा.

दोस्तानं फुकट बनवून दिलेल्या बीटची मला सगळ्यात जास्त भीती वाटते, कारण तिथं कागदच नसतो. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात हक्क दुसऱ्याच्या नावावर करायचे तर ते लेखी आणि सहीनिशी लागतं. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षंच धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. चहाच्या गाड्यावर "घे की भावा, तुझीच हाय" म्हटलेलं कामाला येत नाही. एक पान पुरतं. गाण्याचं नाव, कुणी काय केलं, किती पैसे किंवा किती टक्के, किती वर्षं, कुठल्या देशांत, नाव कसं छापायचं, कंटेंट आयडीत टाकायचं की नाही, तारीख, सह्या. कागद मागितला म्हणून मैत्री तुटत नाही. पुढं गाणं चाललं आणि कागद नसला की मात्र तुटते, आमच्या ओळखीत तुटलेली आहे.

जुन्या कॅसेटवरचा पोवाडा कापून घ्यायचा मोह मलाही झाला होता. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशित झाल्याच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं चालतो आणि कवीचा त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. कॅसेटच्या जमान्यातलं काहीच अजून मोकळं झालेलं नाही. परंपरेनं आलेली चाल असेल तर ती स्वतः म्हणा, स्वतः वाजवा.

आम्ही शेवटी तेच केलं. सहाही बीट टाकून दिल्या आणि त्या काकांकडं गेलो.

जुलैचा पाऊस लागलेला. ओल्या हवेत हलगीचं कातडं उतरतं, आवाज बद्द येतो. कुस्तीच्या तालमीच्या दारात पत्र्याखाली पाचट पेटवायचं, हलगी जाळावर धरून फिरवायची, बोटानं टिचकी मारून बघायचं. खणखणीत बोलली की धावत आत. दहा मिनिटं वाजवलं की परत उतरायला लागायची. म्हणून प्रत्येक टेक तापवल्यावर लगेच घेतला, नाहीतर एका टेकचा सूर दुसऱ्याला जुळत नव्हता. माईक जवळ लावला की नुसता फाटायचा. हातभर लांब, कडेकडून तिरका लावल्यावर काडीचा आवाज स्वच्छ आला. दुसरा रेकॉर्डर आखाड्याच्या पलीकडच्या कोपऱ्यात ठेवला, त्यातून हलगीच्या जोडीचं घुमकं आणि तालमीची घुम मिळाली. क्लिक, म्हणजे कानात ताल धरणारी टिकटिक, ऐकून वाजवायला काकांनी चक्क नकार दिला. मग त्यांना मोकळं वाजवू दिलं, त्यांचा वेग मोजला आणि रॅप त्या वेगावर नव्यानं बसवला. पूर्वीची गाणी आता ह्याच्यासमोर मला बेचव लागतात.

काकांना 3,000 रुपये दिले आणि कागद पुढं केला. त्यांनी नातवाला बोलावून तो मोठ्यानं वाचून घेतला, "जगभर" शब्दाला थांबवून परत वाचायला लावलं, मग सही केली.

बाकीचं पटकन. आवाज घरीच रेकॉर्ड केला, कपाटाच्या दोन्ही दारांवर आईच्या वाकळा टाकून. त्यासाठी महागडी खोली लागत नाही. मिक्सिंग मात्र दुसऱ्याकडून करून घ्या, स्वतःच्या आवाजाला स्वतःचा कान सोकावलेला असतो. तारखेच्या चार आठवडे आधी अपलोड करा. स्पॉटिफायच्या संपादकांकडं एखादं गाणं सुचवायचं तर किमान सात दिवस आधी. भाषेच्या रकान्यात मराठीच निवडा, आणि तुमच्या नावाचा दुसरा कलाकार आधीच आहे का ते बघा. प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी नावाचा बारा अक्षर-अंकांचा नंबर असतो. तेच रेकॉर्डिंग परत चढवताना जुना नंबर टाकला तर आधीचे आकडे सहसा टिकतात. आमचं रेकॉर्डिंगच बदललं, त्यामुळं सहा गाणी शून्यावर आली. शब्द आणि चाल तुमची असेल तर आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासदत्व घ्या.

पैशाची आशा सध्या ठेवू नका. स्पॉटिफायवर बारा महिन्यांत 1,000 स्ट्रीम झाल्याशिवाय त्या गाण्याचं मानधनच सुरू होत नाही. पण हे वाचून हातपाय गाळू नका. माझं घर फाउंड्रीच्या पगारावर चाललेलं, इंग्रजी जेमतेम, संगीताची एक परीक्षा दिलेली नाही. तरी अल्बम झाला, एकदा पडून परत झाला. तुमचाही होईल. घाई मात्र करू नका. 26 जून गाठायची म्हणून मी तिसरं पान वाचलं नव्हतं.

दुसऱ्यांदा नोव्हेंबरात काढला, कुठलाही दिवस न बघता. आदल्या रविवारी तालमीत गणपतीच्या स्पीकरवर सगळी गाणी लावली. आमच्या आबांनी आयुष्यभर फाउंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतीव काम घासून साफ करायला, काम केलं, फाउंड्रीचं गाणं त्यांच्यावर आहे. ते शेवटपर्यंत ऐकून म्हणाले, "ह्यो भट्टीचा आवाज न्हाई, ग्राइंडरचा हाय. भट्टी अशी किंचाळत न्हाई." मी ती ओळ बदलली आणि त्याच रात्री परत रेकॉर्ड केली.

तुमच्या बीटच्या लायसन्समधलं काही कळत नसेल तर रविवारी संध्याकाळी मी रंकाळ्यावर असतो. प्रिंट काढून आणा, सगळी पानं. आपण बसून वाचू.