किनारा राखणाऱ्या गावांचा पैसा मध्येच का आटतो? या चुका टाळा

कोकण किनाऱ्यावर एखाद्या गावाने खाडी, कांदळवन किंवा कासवांची वाळू राखणं आता नवलाचं राहिलेलं नाही. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली जाताहेत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने सुरू केलेलं हे काम पुढे गावाने अंगावर घेतलं. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका २०१७ पासून स्वतः होडी वल्हवत पाहुण्यांना कांदळवन दाखवतात. काम कसं करायचं हे गावांना कळलेलं आहे. तरीही कित्येक ठिकाणी चौथ्या-पाचव्या वर्षी सगळं थंडावतं. प्रकल्प येतो, फलक लागतो, प्रशिक्षण होतं, होडी मिळते. प्रकल्पाची मुदत संपली की तीच होडी माडाखाली उलटी पडून राहते.

अशा वेळी 'निधी मिळाला नाही' असं म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. निधी अनेकदा आलेला असतो, पण तो वस्तूंना आलेला असतो. रोज राखण करणाऱ्या माणसाला त्यातलं काही आलेलं नसतं. बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे.

उपजीविका आणि राखण यांची एकच वही

कांदळवन संवर्धन आणि उपजीविका निर्मितीची राज्य शासनाची योजना २०१७ ची. तिच्यात खेकडापालन, कालवं (खाण्याचे शिंपले), शोभिवंत मासे, निसर्ग पर्यटन अशा कामांसाठी गटाला खर्चाच्या ९० टक्के आणि व्यक्तीला ७५ टक्के अनुदान मिळतं. योजना चांगली आहे. खाडीवर पोट असणाऱ्याला खाडी टिकण्यात स्वार्थ असावा, हे तिचं सूत्र अगदी बरोबर आहे.

पण हे अनुदान उपजीविकेचं आहे, राखणीचं नाही. खेकडे विकून आलेले पैसे घरात जातात आणि ते घरातच गेले पाहिजेत. मग कांदळवनात रात्री भरावाचा डंपर रिकामा झाला, तर सकाळी तिथे कोण जाणार? फोटो काढून तहसील कचेरीत आणि वनविभागात तक्रार कोण देणार? त्या दोन फेऱ्यांचं एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी कोण भरून देणार? पहिल्या वर्षी हे सगळं उत्साहात होतं. तिसऱ्या वर्षी सगळी धावपळ एकाच माणसावर येते आणि एक दिवस तोही मुंबईला नोकरीला निघून जातो.

यावर उपाय किनाऱ्यावरच्या जुन्या रीतीतच आहे. रापणीत, म्हणजे गावाने मिळून किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या मासेमारीत, माणसांना वाटा असतो, तसा होडीला आणि जाळ्यालाही असतो. ते फाटणार, मोडणार, हे सगळ्यांनी धरलेलंच असतं. तसाच खाडीच्या राखणीचा वाटा पहिला रुपया येण्याच्या आधी ठरवून ठरावाच्या वहीत लिहा. पैसे आल्यावर हा विषय काढला की भांडण ठरलेलं. वाटा नफ्यावर ठेवू नका, कारण नफा किती झाला यावर कधीच एकमत होत नाही. होडीच्या दर फेरीमागे, विकलेल्या दर किलोमागे किंवा दर पाहुण्यामागे ठराविक रक्कम ठेवा. मोजायला सोपी आणि सगळ्यांसमोर मोजता येईल अशी.

त्याच बैठकीत आणखी एक वाटा काढा, घसाऱ्याचा, म्हणजे वस्तू झिजल्यावर नवी घेण्याचा. पहिली होडी अनुदानातून येते, दुसरी कुणी देत नाही. खेकड्याची पिल्लं पहिल्या खेपेला योजनेतून मिळतात. दुसऱ्या खेपेला ती बहुतेकदा तमिळनाडूतल्या हॅचरीतून (अंडी उबवून पिल्लं तयार करण्याच्या जागेतून) रोख पैसे मोजून आणावी लागतात. ते पैसे बाजूला काढलेले नसतील, तर तळ्याचं कुंपण शाबूत असूनही तळं रिकामं राहतं.

खर्च नोव्हेंबरचा, पैसा मार्चचा

ही चूक अंदाजपत्रकात दिसत नाही, कारण वर्षाची बेरीज जुळलेली असते. कासवाच्या हंगामाकडे बघा म्हणजे कळेल. साधारण नोव्हेंबरपासून कासवमित्र पहाटेच्या अंधारात किनारा चालू लागतो. पाण्यापासून वर गेलेला माग दिसला की वाळूत हात घालून घरटं शोधायचं, कोल्ह्या-कुत्र्यांच्या आधी अंडी अलगद काढायची, कुंपणातल्या हॅचरीत मूळ घरट्याच्याच खोलीचा खड्डा करून ती पुन्हा पुरायची आणि तारखेची पाटी लावायची. पिल्लं बाहेर यायला पन्नासेक दिवस लागतात. एकही पहाट चुकवून चालत नाही.

पाहुणे येतात ते फेब्रुवारी-मार्चमध्ये, पिल्लं बघायला. शासकीय अनुदान आर्थिक वर्षाच्या अखेरीस येतं. म्हणजे चार महिने माणूस चालतो आणि खात्यात शून्य असतं. त्या काळात तो उसनवारीवर जगतो किंवा मासेमारीला जातो, आणि घरटी कुत्रे उकरतात.

म्हणून वर्षाचं अंदाजपत्रक करताना महिन्यांचे बारा रकाने पाडा. खर्च कोणत्या महिन्यात आणि जमा कोणत्या महिन्यात, ते समोरासमोर लिहा. जे महिने उघडे पडतील त्यांची रक्कम मागच्या हंगामातूनच शिल्लक ठेवायची. तिला हात लावायचा नाही. सभामंडपाच्या फरशीसाठीही नाही.

सगळा भार पर्यटनावर

पाहुण्यांच्या पैशावर संरक्षित समुद्र चालू शकतो. कॅरिबियन समुद्रातल्या बोनेर बेटावर १९७९ मध्ये सागरी उद्यान झालं. सुरुवातीचा देणगीचा पैसा संपला आणि काही वर्षं ते उद्यान कागदावरच राहिलं. १९९१ मध्ये ते पुन्हा उभं राहिलं आणि पुढच्या वर्षापासून प्रत्येक पाणबुड्याकडून वर्षाला १० डॉलर शुल्क घेणं सुरू झालं. त्या शुल्कावर उद्यानाचा कारभार चालू लागला.

पण बोनेरला पाणबुडे बारा महिने येतात. आपल्याकडे पावसाचे चार महिने खाडीत होडी घालता येत नाही. २०२० साली तर कासवांचा हंगाम भरात असताना मार्चच्या शेवटी टाळेबंदी लागली. पाहुण्यांना उतरवणारी घरं रिकामी झाली. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळाने उत्तर कोकणात माड-पोफळी आडव्या केल्या, छपरं नेली. पुढच्या मे महिन्यात तौक्ते आलं. लागोपाठ दोन वर्षं ज्या गावाचा सगळा पैसा पाहुण्यांचा होता, त्या गावाकडे राखणीला काही उरलं नाही. पर्यटनाचा पैसा जरूर घ्या, पण राखणदाराचं मानधन त्यावर टांगू नका. ते ठेवीच्या व्याजातून किंवा ग्रामपंचायतीच्या तरतुदीतून यावं. पर्यटनातून दुरुस्ती, नवीन लाइफ जॅकेट आणि होड्यांचा विमा भागवा.

आणि शुल्क घेताना कोणत्या अधिकाराने घेताय, ते आधी बघा. अभयारण्याचं प्रवेशशुल्क वनविभाग ठरवतो. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला शुल्क लावता येतं, ते तिच्या हद्दीतून व्यापारासाठी जैविक संसाधनं नेणाऱ्यांवर. सहलीला आलेल्या माणसाला ते लागू होत नाही. ग्रामसभेचा ठराव नाही, पावतीपुस्तकावर क्रमांक नाहीत आणि नाक्यावर पोरं पैसे घेताहेत, अशी स्थिती झाली की एका तक्रारीत सगळं बंद पडतं.

ठेव ठेवली, महागाई विसरली

कायमस्वरूपी निधी म्हणून ठेव ठेवणं हा उत्तम मार्ग आहे. हिशेब मात्र पुढच्या वर्षांचा करा. समजा एका खाडीची राखण, होडीचं डिझेल, देखभाल आणि ऑडिट मिळून वर्षाला ६ लाख लागतात. १ कोटीच्या ठेवीवर ७ टक्क्यांनी ७ लाख व्याज येतं. सगळे खूश. पण खर्च दरसाल ६ टक्क्यांनी वाढला तर चौथ्या वर्षीच तो ७ लाखांच्या पुढे जातो आणि दहा वर्षांनी पावणेअकरा लाखांच्या घरात पोचतो. व्याज तेवढंच. मग कुणीतरी सुचवतं, ठेवीतलेच थोडे काढू. तिथून ठेव वितळायला लागते.

त्यामुळे व्याजाचा मोठा भाग ठेवीतच परत घाला आणि ठेवीतून भागेल एवढाच खर्च तिच्यावर टाका. मोठी ठेव नसेल तर तिच्यावर फक्त एक काम बांधा, उदाहरणार्थ एका राखणदाराचं मानधन. एक माणूस वीस वर्षं टिकला तर खाडीला त्याचा फायदा तीन वर्षांच्या मोठ्या प्रकल्पापेक्षा जास्त होतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

देणाऱ्याच्या अटी न वाचता हात पुढे करणं

कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा निधी हा पहिला मोह. कंपनी कायद्याप्रमाणे ठराविक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. पण एका चालू प्रकल्पाला सुरुवातीचं वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षं मिळतात. जानेवारी २०२१ पासून एखाद्या संस्थेच्या कायमस्वरूपी निधीत दिलेली रक्कम सीएसआर म्हणून धरली जात नाही. म्हणजे 'आमच्या ठेवीत भर घाला' असा अर्ज कंपनीकडे नेण्यात अर्थ नाही. तिच्याकडे होडी, इंजिन, सौर दिवे, कुंपण अशा एकदाच्या खर्चाचा प्रस्ताव न्या आणि तिथे वाचलेला पैसा ठेवीत घाला.

परदेशी देणगीचं दार त्याहून अरुंद झालं आहे. सप्टेंबर २०२० मध्ये परकीय देणगी कायद्यात दुरुस्ती झाली. एका संस्थेला मिळालेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवणं बंद झालं आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. शहरातली मोठी संस्था पैसे आणणार आणि गावच्या मंडळाला देणार, ही जुनी वाट त्यामुळे संपली. अजूनही कुणी त्या पद्धतीचं आश्वासन देत असेल, तर सही करण्याआधी ते कायद्यात कसं बसतं ते लेखी मागा.

कार्बन क्रेडिटचंही, म्हणजे झाडांनी शोषलेल्या कार्बनच्या मोबदल्यात विकायच्या प्रमाणपत्रांचंही तेच. केनियातल्या गाझी खाडीत 'मिकोको पामोजा' हा गावाचा प्रकल्प २०१३ पासून ११७ हेक्टर कांदळवनाच्या कार्बनचे क्रेडिट विकतो, आणि तो पैसा शाळेवर, पाण्यावर खर्च करायचा की आणखी कशावर, हे गाव ठरवतं. ते उदाहरण खरोखर चांगलं आहे. पण आपल्याकडचं बरंचसं कांदळवन शासनाच्या वनजमिनीवर आहे. तिथल्या कार्बनवर हक्क कुणाचा, हे कागदावर ठरल्याशिवाय दलालाच्या आकडेवारीवर गावाचं अंदाजपत्रक बांधू नका.

शासनाचं काम गावाच्या खर्चात घेणं

परराज्यातल्या ट्रॉलरची घुसखोरी, एलईडीचे प्रखर दिवे लावून होणारी मासेमारी, बंदीच्या काळातली मासेमारी हे रोखणं मत्स्यव्यवसाय विभागाचं काम आहे. त्याला कायदा आहे आणि गस्तीनौकाही आहेत. गावाने त्यासाठी स्वतःची स्पीडबोट घेतली की सगळी शिल्लक डिझेलमध्ये जाते आणि समुद्रात मारामारीची वेळ येते ती वेगळीच. गावाने तारीख, वेळ, ठिकाण नोंदवायचं, कळवायचं आणि पाठपुरावा करायचा. शासनाची जबाबदारी शासनाच्या अंदाजपत्रकातच राहिली पाहिजे.

जिथे शासनाचा पैसा थेट मच्छीमाराला मिळतो, तिथे मात्र तो सोडू नका. कासव, देवमासा असा संरक्षित जीव जाळ्यात अडकला आणि जाळं कापून तो सोडला, तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना डिसेंबर २०१८ पासून आहे. सुटकेचे फोटो आणि बंदरावरच्या अधिकाऱ्याला त्याच दिवशी दिलेली माहिती नसल्यामुळे दावे अडू शकतात. प्रत्येक होडीवर एका माणसाला एवढं शिकवून ठेवणं अवघड नाही.

गावाला शेवटी विचारणं

१३ एप्रिल १९८७ रोजी मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं, २९.१२ चौरस किलोमीटरचं. तिथल्या मच्छीमारांचा विरोध तेव्हापासूनचा आहे, कारण आपल्या मासेमारीचं काय होणार ही भीती कधी दूरच झाली नाही. नंतर कितीही चांगल्या योजना आल्या तरी त्या या अविश्वासातूनच पाहिल्या गेल्या. पैशाचंही असंच होतं. किती आले, कुणी ठरवलं, कुणाच्या नावावर आले, हे रापणकर, कालवं काढणाऱ्या बायका, गिलनेटवाले यांना नंतर कळलं की तो पैसा त्यांना परका वाटतो. कालवं काढणाऱ्या बायका तर बैठकीला बोलावल्याच जात नाहीत. खाडीत रोज उतरणाऱ्या बहुधा त्याच असतात. बैठकीची वेळ ओहोटी बघून ठेवा. ओहोटीला बोलावलंत तर त्या येणार नाहीत, आणि त्यांची चूक नसेल.

गाडी आधीच अडली असेल तर

समितीचं खातं अडकलंय, पैसे आहेत पण काढता येत नाहीत: बहुतेकदा सह्यांचा घोळ असतो. ग्रामसेवकाची बदली झाली, सरपंच बदलले, बँकेत जुन्याच सह्या. निवडणुकीनंतरच्या पहिल्याच सभेत सह्या बदलण्याचा ठराव घ्या आणि त्याची प्रत त्याच आठवड्यात बँकेत द्या. नोंदणीकृत न्यास असेल तर विश्वस्त बदलल्यावर ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट (बदल कळवणारा अर्ज) गेला पाहिजे. तो राहिला असेल तर आधी तो द्या, नवीन देणगीचे अर्ज नंतर.

हिशेबावरून दोन गट पडलेत: जत्रेचा जमाखर्च गावकीसमोर वाचला जातो तसा खाडीचा वाचा, ओळ न ओळ, पावत्या समोर ठेवून. जुनी खोट निघाली तर ती रक्कम 'येणे' म्हणून लिहा आणि नवी वही सुरू करा. त्यासाठी वर्षभर राखण थांबवू नका.

होडी आहे, इंजिन बंद, राखणदार सोडून गेलाय: आधी इंजिन दुरुस्त करायचा मोह आवरा. आधी माणूस परत आणा, पायी राखण सुरू करा, थकलेलं मानधन हप्त्यांनी का होईना द्यायला लागा. वल्ह्याची होडी खाडीला बहुतेकदा पुरते. इंजिनाचा खर्च पुढच्या हंगामाच्या पाहुण्यांमधून निघाला तरी चालेल.