सीओटू वाढला की झाड खरंच जोमात येतं का? गच्चीवर करून बघा

"कार्बन डायऑक्साइड म्हणजे झाडांचं खाद्य, वाढला तर चांगलंच की" असं कोणी म्हटलं की मी सांगते, चार कुंड्या लाव आणि बघ. दर नोव्हेंबरात मुलांकडून हे करून घेते.

दोन कुंड्या गव्हाच्या, दोन ज्वारीच्या, माती एकच. गहू सी-३ गटातला (पान हवेतला हा गॅस कसा वापरतं यावरून सी-३, सी-४ हे गट पडतात), हवेत गॅस वाढला की त्याची वाढ जोर धरते. ज्वारी सी-४, ती पानाच्या आतच गॅस एकवटून वापरते, म्हणून पाणी नीट मिळत असेल तर तिला फारसा फरक पडत नाही. बांबूच्या काड्यांना पारदर्शक प्लास्टिक गुंडाळून गुडघ्याएवढी दोन खोकी करा आणि प्रत्येकात एक गहू, एक ज्वारी ठेवा.

गॅससाठी लिटरभराच्या बाटलीत पाऊण बाटली कोमट पाणी, १०० ग्रॅम साखर, अर्धा चमचा यीस्ट, आणि झाकणातून फिशटँकची नळी. ती एका खोक्यात वरून सोडायची कारण गॅस जड असतो, खाली बसतो. नळी कधीही चिमटू नका, बाटली फुटते. सोडा-व्हिनेगर नकोच, दहा मिनिटांत सगळा गॅस निघून जातो आणि मग दिवसभर काहीच नाही.

आता खरी अडचण, उष्णता. पहिल्या वर्षी मी खोकं वरून पूर्ण बंद केलं होतं, दुपारी बघते तर गव्हाची पानं वाफवल्यासारखी मऊ पडलेली, शेंडे पिवळे, आणि मी आठवडाभर ते गॅसमुळे झालं असंच समजत होते. चूक प्लास्टिकची होती. म्हणून वरून चार बोटं फट ठेवाच, दुपारी १२ ते ३ सावली करा, दोन्ही खोक्यांत थर्मामीटर टांगा. आणि दुसरं खोकंही अगदी तसंच हवं, तेच प्लास्टिक, तीच फट, तीच बाटली, फक्त यीस्ट नाही. खोक्यातलं झाड आणि उघड्यावरचं झाड अशी तुलना केली तर मेहनत वाया, कारण गॅसचा परिणाम कुठला आणि गरमीचा कुठला हे कधीच कळणार नाही.

खोक्यातला गॅस मोजायला मीटर घेताना एनडीआयआर सेन्सरचाच घ्या, म्हणजे अवरक्त प्रकाशाने गॅस मोजणारा, स्वस्तातले बरेच मीटर दुसऱ्याच वाफांवरून अंदाज बांधतात आणि यीस्टच्या अल्कोहोलच्या वासाने पार फसतात. बाहेर आज साधारण ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) वर असतं, १९५८ मध्ये हवाईच्या मौना लोआवर मोजायला सुरुवात झाली तेव्हा ते ३१५ च्या आसपास होतं. खोक्यात ६०० ते ८०० पुरे. मीटर वाचताना श्वास रोखा, आपल्या श्वासात जवळपास ४ टक्के हा गॅस असतो, वाकलात की आकडा उडतो.

दर तीन-चार दिवसांनी बाटली बदला. चाळीस दिवसांनी कापा, वाळवा, वजन करा, गव्हाचं एक रोप मात्र ओंबीसाठी न कापता राखून ठेवा.

पण तिथे थांबू नका. आणखी एक गव्हाची कुंडी डिसेंबरअखेर पेरा, गॅस तसाच चालू ठेवा. तिचे दाणे भरायच्या वेळी मार्चचं ऊन तापलेलं असतं. २०२२ चा मार्च असाच विक्रमी तापला, उत्तरेत गव्हाचं उत्पादन घटलं आणि १३ मे ला सरकारला निर्यात बंद करावी लागली. या कुंडीची ओंबी तळहातावर चोळा, आणि बाजूला नोव्हेंबरच्या पेरणीतल्या त्या राखलेल्या रोपाची ओंबी चोळा. उशिराचा दाणा बारीक, सुरकुतलेला निघतो, गॅस पोटभर मिळूनसुद्धा.