पाण्याखाली फोटो काढायचेत? मग कॅमेरा सगळ्यात शेवटी निवडा

अंडरवॉटर फोटोग्राफीसाठी सेटअप घ्यायचा म्हटलं की लोक सरळ कॅमेऱ्यांचे रिव्ह्यू बघत बसतात, मेगापिक्सेल किती, सेन्सर केवढा, आणि बॉडीवर बजेट उडवून झालं की कळतं की चांगलं हाउसिंग (कॅमेऱ्यावर बसणारी, पाणी आत न येऊ देणारी पेटी) कॅमेऱ्याइतकंच, कधी कधी त्याहूनही महाग पडतं आणि लाइटला तर काहीच उरलं नाही. म्हणून क्रम उलटा धरा.

१. कुठलं पाणी, किती खोल

मालवण-तारकर्लीला एकदा ट्रायल डाइव्ह करणार असाल तर खरं सांगायचं तर काहीच घेऊ नका, तिथे इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरून नेतो आणि बहुतेक ठिकाणी फोटो-व्हिडिओही तेच काढून देतात. ट्रायल डाइव्हला १२ मीटरच्या खाली तसंही नेत नाहीत. ओपन वॉटर हा डायव्हिंगचा पहिला कोर्स केला असेल तर १८ मीटर, त्यापुढच्या ॲडव्हान्स्डला ३०. आपला आकडा काढा आणि त्याहून बऱ्यापैकी जास्त खोलीचं रेटिंग असलेलं सामान बघा, कारण दर १० मीटरला एक वातावरणाचा दाब वाढतो.

पाण्याचा रंगही बघा. अंदमान-लक्षद्वीपला निळं स्वच्छ पाणी, लांबचं दिसतं, तिथे वाइड अँगल घ्यायला मजा येते. आपल्या कोकणात पाणी हिरवट आणि बऱ्याचदा गढूळ, काही दिवस तर दोन-चार मीटरपलीकडे काही दिसत नाही, तिथे वाइडचा हट्ट सोडा आणि क्लोजअप-मॅक्रोच्या मागे लागा.

२. हाउसिंग की नुसता वॉटरप्रूफ कॅमेरा

फोनवर आयपी६८ लिहिलंय म्हणून समुद्रात नेऊ नका. ती टेस्ट गोड्या, स्थिर पाण्यातली असते, खारं पाणी त्या टेस्टमध्ये धरलेलंच नसतं, पाण्याने बिघडलेला फोन वॉरंटीत सहसा बसत नाही आणि पाण्याखाली टचस्क्रीन धड चालतही नाही.

स्नॉर्केलिंगला आणि नवशिक्यांना माझं मत सरळ ओएम सिस्टीमच्या टीजी-७ या वॉटरप्रूफ कॅमेऱ्याला (किंवा जुना ऑलिंपसचा टीजी-६ सेकंडहँड मिळाला तर तोही). नुसता १५ मीटरपर्यंत जातो, हाउसिंगमध्ये ४५ पर्यंत, रॉ फाइल (नंतर रंग सुधारायला सोपी पडणारी कच्ची फाइल) मिळते आणि मायक्रोस्कोप मोडमध्ये नखाएवढा जीवही फ्रेमभर दिसतो. गोप्रो नुसता १० मीटर, त्याच्या हाउसिंगमध्ये ६० मीटर, पण तो मुख्यतः व्हिडिओचा प्राणी आहे, फोटोच काढायचे असतील तर त्याच्यामागे धावू नका.

लेन्स बदलता येणारा मिररलेस कॅमेरा आधीच घरात असेल तर कॅमेरा बदलण्याआधी त्याच मॉडेलचं हाउसिंग मिळतं का बघा. हाउसिंग एका ठराविक मॉडेलसाठीच बनतं, एखादं बटण दोन मिलिमीटर इकडे-तिकडे झालं की बसत नाही, आणि उद्या कॅमेरा बदलला की हाउसिंगही गेलं. सीफ्रॉग्ज कंपनीची पॉलीकार्बोनेटची हाउसिंग स्वस्तात येतात, नॉटिकॅम कंपनीची ॲल्युमिनियमची टिकतात पण किंमत ऐकून घाम फुटतो.

पोर्टचंही, म्हणजे हाउसिंगच्या लेन्ससमोरच्या काचेचंही, बघून ठेवा. सपाट काचेतून वस्तू साधारण एक तृतीयांश मोठ्या दिसतात, म्हणजे वाइड लेन्स तेवढी वाइड राहत नाही. मॅक्रोला ते चालतं, वाइडला मात्र डोम पोर्टच, म्हणजे घुमटासारखी फुगीर काचच लागते.

३. लाइट, इथेच पैसे टाका

पाणी लाल रंग सगळ्यात आधी खातं, पाच-सात मीटरवरच लाल मासा मातकट दिसायला लागतो. रेड फिल्टर निळ्या पाण्यात थोडं काम करतो, हिरव्या पाण्याला मॅजेंटा लागतो, पण जे गेलंय ते फिल्टर परत आणत नाही, शिवाय लाइट लावला तर फिल्टर काढावाच लागतो. खरा इलाज म्हणजे बाहेरचा स्ट्रोब (पाण्याखाली चालणारा वेगळा फ्लॅश), हाउसिंगखालच्या ट्रेवर आर्म म्हणजे दांडा बसवून लेन्सपासून लांब लावलेला. कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश लेन्सच्या शेजारीच असतो, त्याचा उजेड पाण्यातल्या कणांवर पडून सरळ लेन्समध्ये येतो, आंबोलीच्या धुक्यात अपर लावून गाडी चालवली की समोर पांढरी भिंत उभी राहते ना, अगदी तसं. त्या फ्लॅशचा उपयोग फायबर ऑप्टिक केबलमधून स्ट्रोबला इशारा द्यायला करायचा, तेवढाच. आणि स्ट्रोब कितीही भारी घ्या, त्याचा उजेड एक-दीड मीटरपर्यंतच कामाचा, म्हणून जवळ जा, आणखी जवळ जा. प्रवाळाला पाय न लावता, अर्थात.

आधी एकच स्ट्रोब घ्या. व्हिडिओ जास्त करणार असाल तरच सतत जळणारा लाइट.

४. घेतल्यावर, पाण्यात जाण्याआधी

ओ-रिंग, म्हणजे हाउसिंगच्या झाकणाला पाणी अडवणारी रबरी रिंग, हाच सगळा खेळ आहे. ती प्लास्टिक कार्डाच्या कडेने काढा, पिनने नाही, बोटांमधून फिरवा म्हणजे वाळूचा कण असेल तर लगेच टोचतो, ती बसते ती खोबण धागे न सुटणाऱ्या कपड्याने पुसा आणि कंपनीने दिलेलंच ग्रीस अगदी थेंबभर लावा, नुसती चकाकली पाहिजे. ग्रीसने पाणी अडत नाही, ते रिंग नीट बसावी म्हणून असतं, थापलं तर उलट केस आणि कचरा चिकटतो, आणि एक केस आडवा आला तरी पाणी आत. नवीन हाउसिंग पहिल्यांदा कॅमेरा न घालता खाली न्या, आत टिश्यू पेपर ठेवा, भिजला की समजलं. गंमत म्हणजे गळती बहुतेक वेळा वरच्या दोन-तीन मीटरमध्येच होते, खाली दाबाने झाकण अजून घट्ट बसतं.

हाउसिंग बोटीवरच्या दमट हवेत बंद करू नका, खाली थंड पाण्यात काचेवर वाफ धरते आणि सगळे फोटो धूसर येतात. सकाळी एसीच्या खोलीतच बंद करा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका. वर आल्यावर गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवून प्रत्येक बटण दाबत राहा, नाहीतर आत मीठ साचून बटणं अडकतात. विमानाने जाताना हाउसिंग सील करू नका आणि बॅटऱ्या हँडबॅगेत ठेवा.