थ्री-पिन टॉपसाठी वायर सोलताना

वायर सोलताना जपायचं असतं ते आतलं तांबं. दीड स्क्वेअर एमएमच्या घरगुती वायरीत साधारण ०.३ मिमीच्या २२ बारीक तारा असतात. त्यातल्या ३ तुटल्या की त्या जागचं सातवा हिस्सा तांबं गेलंच, आणि ज्यांना नुसता ओरखडा पडला त्या पुढे वाकून वाकून तुटतात. मग इस्त्री लावली की टॉप, म्हणजे वायरीच्या टोकाचा प्लग, आतून तापतो.

आधी वीज. उपकरणाची वायर असेल तर टॉप सॉकेटमधून काढून डोळ्यांसमोर ठेवा. भिंतीतली वायर असेल तर एमसीबीबरोबर (बोर्डातल्या ट्रिप होणाऱ्या स्विचबरोबर) इन्व्हर्टरही बंद करा. मेन स्विच बंद असला तरी इन्व्हर्टरच्या लाइनमध्ये २३० व्होल्ट असू शकतात, आणि नेमकं हेच विसरलं जातं. टेस्टर आधी चालू सॉकेटवर, मग वायरीवर, मग पुन्हा चालू सॉकेटवर लावा, म्हणजे टेस्टरच बिघडलेला नाही हे कळतं. मल्टिमीटर असेल तर फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ तिन्ही तपासा.

तीन कोअरच्या (आत तीन रंगीत वायरी असलेल्या) वायरीचं बाहेरचं आवरण ४ सेंमीपर्यंत काढा. ब्लेड आरपार घालू नका. गोल फिरवत अर्ध्या जाडीपर्यंत खाच पाडा आणि वायर तिथे वाकवा, उरलेलं आवरण आपोआप फाटतं. पातं अंगापासून दूर चालवा. आता आतली प्रत्येक रंगीत वायर वाकवून बघा. कुठे काप उघडला तर तेवढा तुकडा छाटून पुन्हा सुरुवात करा. टेप गुंडाळून भागवू नका.

टोकं सोलायला भोकांचा स्ट्रिपर (वायर सोलायची पक्कड) घ्या. बऱ्याच स्ट्रिपरवर एडब्ल्यूजीचे (तारेच्या जाडीच्या अमेरिकन मापाचे) आकडे असतात, त्यात आकडा मोठा तितकं भोक लहान. दीडची वायर १४ आणि १६ च्या मधली, म्हणून १४ पासून सुरू करा. स्क्रूचा साधा स्ट्रिपर असेल तर आधी टाकाऊ तुकड्यावर बसवून घ्या. दाबा, किंचित फिरवा, सरळ ओढा. दातांनी सोलण्याची सवय सोडा. लायटरने तर मुळीच नको: जळणाऱ्या पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइडचा धूर निघतो, तो छातीत जातो आणि तांबंही खातो.

जुन्या घरातली ॲल्युमिनियमची एकेरी तार असेल तर जास्तच हळुवार. खाच पडलेली तार दोन-तीनदा वाकवली की तुटते.

तांबं ८ ते १० मिमी उघडं ठेवा. टर्मिनलबाहेर (तार स्क्रूने दाबायच्या जागेबाहेर) एकही तार दिसता कामा नये. तारा घट्ट पिळा, पण स्क्रूखाली जाणाऱ्या टोकाला सोल्डर लावू नका. दाबाखाली सोल्डर हळूहळू पसरतं आणि स्क्रू सैल होतो. त्याऐवजी पिन लग (टोकावर बसणारी धातूची टोपी) क्रिंप करा, म्हणजे पकडीने दाबून बसवा. हिरवी अर्थची वायर बाकी दोन्हींपेक्षा सेंमीभर लांब ठेवा, म्हणजे हिसका बसला तरी ती शेवटी सुटेल. टॉपमधल्या वायर धरणाऱ्या पट्टीखाली बाहेरचं आवरणच दाबलं जायला हवं, आतल्या रंगीत वायरी नाहीत.