वाइन चाखणाऱ्या मंडळींचे चित्र कसे पाहावे

एकोणिसाव्या शतकातील युरोपीय लोकजीवनचित्रांत, म्हणजे साध्या माणसांचे रोजचे प्रसंग रंगवणाऱ्या चित्रांत, तळघरात जमून वाइन चाखणारी मंडळी पुनःपुन्हा भेटतात. १९७४ पासून दारूबंदी असलेल्या वर्धा जिल्ह्यातल्या वाचकाला हा विषय परका वाटणे स्वाभाविक आहे. परंतु मोर्शी-वरूडकडच्या संत्र्याच्या बगीच्यात आंबिया बहाराचा सौदा ठरण्यापूर्वी व्यापारी फोड तोंडात टाकतो आणि सगळे गप्प होतात, तो क्षण ज्याने पाहिला आहे, त्याची या चित्रांशी अर्धी ओळख आधीच झालेली असते.

आरंभ योहान पीटर हाझेनक्लेव्हर या जर्मन चित्रकाराच्या १८४३ मधील ‘वाइनची परीक्षा’ या चित्रापासून करावा. हाझेनक्लेव्हर ऱ्हाइनकाठच्या ड्युसेलडॉर्फ शहरी शिकला आणि त्याच नदीच्या खोऱ्यात द्राक्षमळे असल्याने हा प्रसंग त्याच्या प्रेक्षकांच्या परिचयाचा होता. मोबाइलच्या लहान पडद्यावर चेहरे हरवतात, म्हणून शक्य असल्यास गावच्या वाचनालयात किंवा शाळेत प्रोजेक्टर लावून भिंतीवर मोठे चित्र पाहावे आणि त्याचे नाव प्रेक्षकांना आधी सांगू नये.

प्रथम उजेड कोठून येतो ते शोधावे. तळघर अंधारे असल्यामुळे चित्रकार थोडाच प्रकाश वापरतो आणि तो जेथे टाकतो, तेथेच आपण पाहावे अशी त्याची इच्छा असते.

त्यानंतर चेहऱ्यांवर सर्वांत अधिक वेळ द्यावा, कारण माझ्या मते चित्राचा खरा विषय वाइन नसून पारख आहे. चाखणे टप्प्याटप्प्याने होते: प्याला उजेडात धरून रंग पाहणे, वास घेणे, घोट जिभेवर फिरवणे आणि मग मत बनवणे. हे सारे एका क्षणात दाखवण्यासाठी चित्रकाराला वेगवेगळी माणसे वेगवेगळ्या टप्प्यांवर उभी करता येतात. म्हणून कोण कोठवर पोहोचला आहे, ते एकेका चेहऱ्यावर थांबून ठरवावे. ओठ, भुवया आणि प्याला धरण्याची पद्धत यांवरून जाणकार कोण आणि जाणकारीचा आव आणणारा कोण, हेही बरेचदा उमगते.

तुलनेसाठी म्युनिकच्या एडुआर्ड फॉन ग्रुत्स्नर (१८४६–१९२५) याची चित्रे घ्यावीत. त्याने मठाच्या तळघरातील साधूंना पिंपांशेजारी प्याले हाती देऊन रंगवले. तेथे सौद्याचा ताण नसून समाधान असते.

शेवटी, अशा कोणत्याही चित्रात स्वतः न चाखणारा माणूस आहे का, ते पाहावे. तो सापडल्यास त्याची नजर प्याल्यावर आहे की चाखणाऱ्याच्या तोंडाकडे, ते तपासावे. बगीच्याचा मालकही त्या घडीला संत्र्याकडे पाहत नसतो, व्यापाऱ्याच्या तोंडाकडे पाहत असतो.