ऑइलचा दिवा अधूनमधून लागतो? पाना उचलण्याआधी एवढी तयारी करा

कायम लागून राहणारा दिवा परवडला, त्याचं कारण सहसा एका दुपारीत सापडतं. लांब वळणावर लागायचं, सरळ रस्ता आला की विझायचं आणि मेकॅनिकसमोर गाडी उभी केली की साळसूदपणे गप्प बसायचं, असा दिवा मात्र माणसाला खर्चात पाडतो. अशाच एका दिव्यापायी मी तेलाची लेव्हल ओळखणारा, चांगला चालणारा सेन्सर काढून फेकलाय आणि नवा बसवलाय. तिसऱ्या दिवशी दिवा पुन्हा लागला. म्हणून ही यादी. जुन्या स्पोर्ट्स कारच्या ऑइल लेव्हलच्या दिव्यामागे लागण्याआधी काय काय हाताशी हवं आणि काय काय माहीत हवं, ते एकेक करून सांगतो.

आधी दिवा नीट ओळखा. तेलाच्या झारीचं चित्र आणि चोचीतून पडणारा थेंब, तोही लाल रंगात, म्हणजे ऑइल प्रेशर. तो चालत्या गाडीत लागला तर गाडी बाजूला घेऊन तिथेच इंजिन बंद करायचं, घरापर्यंत नेऊ वगैरे विचार करायचा नाही. झारीखाली लाटेसारखी रेघ आणि रंग पिवळा, म्हणजे बहुतेक गाड्यांत लेव्हल. काही जुन्या गाड्यांत दोन्ही कामांना एकच दिवा असतो, काहींत चित्रं वेगळी असतात. तेव्हा गाडीसोबतचं मॅन्युअल शोधा. खात्री होत नसेल तर तो दिवा प्रेशरचाच आहे असं धरून वागा. पुढचं सगळं फक्त लेव्हलच्या दिव्याबद्दल आहे.

मॅन्युअलबरोबर वायरिंगचा नकाशाही लागेल, आणि तो तुमच्याच वर्षाचा हवा. जुन्या गाड्यांत एकाच मॉडेलची वायरिंग मधल्या वर्षी बदललेली असते. दोन वर्षं अलीकडचा नकाशा बघत बसलात तर नसलेली वायर शोधण्यात रविवार जातो. नकाशात दोन गोष्टी बघायच्या. सेन्सरला पिना किती, आणि त्याचा सिग्नल थेट दिव्याला जातो की मध्ये एखादा कंट्रोल बॉक्स आहे. यावरून सेन्सरची जात कळते. सगळ्यात साधी जात फ्लोटची: तेलावर तरंगणाऱ्या तुकड्यात चुंबक असतो आणि तो वर-खाली होताना आतला रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ आला की चालणारा स्विच, उघडतो किंवा मिटतो. दुसरी जात तापणाऱ्या तारेची, जी काही गाड्यांत थेट डिपस्टिकमध्ये, म्हणजे तेल मोजायच्या पट्टीतच बसवलेली असते. तार तेलात बुडालेली असेल तर लवकर थंड होते, उघडी असेल तर तापत राहते, आणि त्या फरकावरून लेव्हल ओळखली जाते. असे सेन्सर बहुधा चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू व्हायच्या आधी एकदाच वाचतात. म्हणजे दिवा नेमका कुठल्या क्षणी लागतो यालाच अर्थ आहे. नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडे काही गाड्यांत तिसरी, इलेक्ट्रॉनिक जात आली. तीही तापवून आणि थंड होण्याचा वेळ मोजूनच लेव्हल काढते, पण तिचं उत्तर साध्या चालू-बंदपेक्षा गुंतागुंतीचं असतं. तिथे पिना एकमेकींना जोडून बघण्याचे प्रयोग करू नका.

आता डिपस्टिक. हा मुद्दा लोक चुटकीसरशी उरकतात आणि इथेच फसतात. दिवा खरं बोलतोय की खोटं, हे ठरवणारा एकमेव साक्षीदार डिपस्टिक आहे, तेव्हा आधी साक्षीदार विश्वासाचा आहे का ते बघा. जुन्या गाडीत कधीतरी कुणीतरी दुसऱ्याच इंजिनची डिपस्टिक खुपसलेली असते, किंवा तिची नळी पूर्ण खाली बसलेली नसते. शंका असेल तर पुढच्या ऑइल बदलाच्या वेळी पुस्तकात दिलं आहे तेवढंच तेल मोजून घाला, इंजिन थोडं चालवा, थांबा आणि तेल वरच्या खुणेला येतं का बघा.

मोजायची पद्धतही गाडीगणिक वेगळी. साध्या, म्हणजे वेट संपच्या इंजिनात (तेल इंजिनच्या तळाच्या भांड्यात, म्हणजे संपमध्येच साठतं) गाडी सपाट जागेवर, इंजिन गरम करून बंद केलेलं, आणि तेल खाली उतरायला पाच-दहा मिनिटं दिलेली. ड्राय संपच्या, म्हणजे तेल वेगळ्या टाकीत ठेवणाऱ्या गाडीला हा नियम लावलात तर घात होतो. एअर-कूल्ड पोर्शे ९११ घ्या: तेल वेगळ्या टाकीत असतं आणि ते इंजिन पूर्ण गरम होऊन आयडलिंगवर चालू असतानाच मोजायचं असतं. ज्या ९११मध्ये डॅशबोर्डवर लेव्हलचा काटा आहे, तोही त्याच अवस्थेत खरा. गाडी पळत असताना तो काटा तळाशी गेला तरी काही बिघडलेलं नसतं. नवे मालक ते बघून घाबरतात. अशी गाडी काही आठवडे उभी राहिली की टाकीतलं तेल झिरपत इंजिनात उतरतं, थंड अवस्थेत डिपस्टिक कोरडी निघते आणि भला माणूस वरून लिटर-दोन लिटर ओततो. मग गाडी गरम झाली की जास्तीचं तेल ब्रीदरमधून (वाफा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) इंजिनात हवा जायच्या वाटेत शिरतं आणि मागे धुराचा ढग.

डिपस्टिकवर भरवसा बसला की एक वही घ्या. फोनमध्ये लिहिलंत तरी चालेल, पण गाडीत ठेवलेल्या वहीत नोंद होतेच, फोनमध्ये राहून जाते. दिवा लागला की थांबल्यावर लिहा: किलोमीटर किती, इंजिन थंड की गरम, सुरू करून किती वेळ झाला, वळण डावं की उजवं, चढ की उतार, ब्रेक दाबला होता का, रस्ता खडबडीत होता का, हेडलाइट आणि पंखा चालू होता का, आदल्या दिवशी गाडी धुतली होती का. दिवा किती सेकंद राहिला तेही. दहा-बारा नोंदी झाल्या की वही बोलायला लागते. नेहमी एकाच बाजूच्या लांब वळणावर किंवा जोरात ब्रेक लावल्यावर लागत असेल, तर तेल संपच्या एका कडेला लोटलं जातंय आणि सेन्सर उघडा पडतोय. लेव्हल काठावर आहे असा त्याचा अर्थ, आणि अशा वेळी तेल शोषणारी नळी उघडी पडायलाही फार अंतर उरलेलं नसतं. खड्ड्यांवर लुकलुकत असेल तर वायर किंवा कनेक्टर. गाडी धुतल्यावर किंवा पावसानंतर लागत असेल तर कनेक्टरच. इंजिन चांगलं तापल्यावर, ट्रॅफिकमध्ये रखडल्यावर लागत असेल तर उष्णतेने दगा देणारा सेन्सर किंवा एक्झॉस्टजवळून जाणारी वायर. हेडलाइट लावताच लागत असेल आणि त्याच वेळी पेट्रोलचा किंवा तापमानाचा काटाही थरथरत असेल, तर सेन्सर निर्दोष आहे असं जवळजवळ धरा आणि डॅशबोर्डवरच्या मीटरच्या अर्थिंगकडे वळा.

वही भरत असतानाच एक स्वस्तातला प्रयोग करून घ्या. तेल बरोबर वरच्या खुणेला आणा, त्याच ग्रेडचं, एका वेळी पाव लिटर घालत आणि दर वेळी थांबून मोजत. कित्येक गाड्यांत दोन खुणांमध्ये साधारण एकच लिटर मावतं, त्यामुळे घाईत ओतलं की पुढे जातं. खुणेच्या वर मुळीच नको: क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनचा मुख्य फिरता दांडा, तेलात आपटून फेस करतो आणि फेसाळ तेल बेअरिंगच्या कामाचं नसतं. आता नेहमीच्या रस्त्याने, नेहमीच्या वळणांवरून दोनशे किलोमीटर फिरा. दिवा गायब झाला तर तो बिचारा खरंच सांगत होता. मग शोध वायरचा राहिला नाही, तेल कुठे जातंय याचा झाला: रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून सकाळी डाग बघणं, सायलेन्सरचा निळा धूर बघणं, आणि हजार किलोमीटरला किती तेल लागतं ते मोजणं. जुनी स्पोर्ट्स इंजिनं तेल पितातच. हजार किलोमीटरला लिटरभर खप काही कंपन्यांनी त्या काळी चालण्याजोगा मानला होता, त्यामुळे नुसत्या खपाने हबकू नका. तो वाढतोय का, ते बघा.

तेल वरच्या खुणेला असूनही दिवा लागला, तर मल्टीमीटर काढा. फार महाग नको, पण कंटिन्युइटीला, म्हणजे वायर सलग असली की वाजणारा आणि शक्यतो कमाल-किमान रीडिंग धरून ठेवणारा हवा, कारण क्षणभर तुटणारी वायर आकडे बदलताना डोळ्याला दिसत नाही. सोबत बारीक टोकाच्या प्रोब, कॉन्टॅक्ट क्लीनर, हातबॅटरी आणि चार-पाच मीटर वायर. ही लांब वायर सेन्सरच्या सिग्नलवरून गाडीच्या आत आणली की रस्त्यावर चालतानाच सिग्नल बघता येतो. बघणारा शेजारी बसलेला हवा, चालवणारा नव्हे. बॅटरी सोडवणार असाल तर आधी रेडिओचा कोड सापडतो का बघा. त्या काळच्या बऱ्याच रेडिओंना तो लागतो आणि आठवण होते ती बॅटरी काढल्यावर.

गाडीखाली शिरायचं तर जॅकच्या भरवशावर कधीही नाही. घट्ट सपाट जमीन, चाकांना अडणी, आणि पुस्तकात दाखवलेल्या जागीच स्टँड. स्पोर्ट्स कार एवढी बसकी असते की साधा जॅक आत जात नाही, म्हणून बुटका जॅक किंवा आधी चाकांखाली घालायला जाड फळ्या मिळवून ठेवा.

कनेक्टर सोडवण्याआधी फोटो काढा. सोडवल्यावर आत बघा, तेल आहे का. जुन्या सेन्सरच्या पिनांजवळून तेल पाझरतं आणि तांब्याच्या तारांमधून दिव्यातल्या वातीसारखं वर चढतं. माझ्या गाडीत नेमकं हेच होतं. नवा सेन्सर त्याच तेलकट कनेक्टरला जोडला होता, मग काय होणार! कनेक्टर साफ करा, पिना सैल पडल्या आहेत का बघा, आणि मीटर लावून वायर इंचाइंचाने हलवत वर जा. इंजिनच्या कडांना घासणाऱ्या आणि एक्झॉस्टजवळच्या जागांवर जास्त वेळ घालवा. अर्थची वायर नुसती बीप वाजली म्हणून पास करू नका. सर्किट चालू असताना तिच्या दोन टोकांमधला व्होल्टेज मोजा, ०.१ व्होल्टपेक्षा बराच जास्त आला तर तिथे गंज किंवा सैल नट आहे. दोन पिनांचा साधा फ्लोट सेन्सर असेल तर कनेक्टर काढून चावी फिरवा आणि दिवा काय करतो ते टिपा, मग दोन टोकं जोडून पुन्हा. काही गाड्यांत वायर तुटली की दिवा लागतो, काहींत उलटं, आणि तुमच्या गाडीत काय होतं हे कळल्याशिवाय पुढचा तर्क लंगडा राहतो. डॅशबोर्डवरच्या मीटरच्या मागचे जुने सोल्डरचे टाकेही तडकतात. डॅशबोर्डवर हलकी थाप मारून दिवा बदलतो का, एवढं तरी बघून घ्या.

सेन्सर काढायचा तो एवढं करूनही वेळ आली तरच, आणि शक्यतो ऑइल बदलाबरोबर, कारण तो संपमध्ये खाली असेल तर तेल काढावंच लागतं. त्याआधी सेन्सरचं गॅसकेट किंवा ओ-रिंग, ड्रेन बोल्टचा नवा वॉशर, फिल्टर, तेल आणि टॉर्क पाना (ठरावीक जोरानेच आवळू देणारा) घरात हवा. ॲल्युमिनियमच्या संपचे आटे अंदाजाने आवळले की जातात. तेल धरायचं भांडं मोजून घ्या. ड्राय संपच्या बऱ्याच ९११मध्ये दहा लिटरपेक्षा जास्त तेल असतं, नेहमीचा छोटा ट्रे अर्ध्यावरच भरून वाहतो. तेल गरम असताना नीट निघतं, पण उकळतं नको; हातमोजे घाला.

काढलेला सेन्सर बरणीतल्या स्वच्छ तेलात बसवतात त्याच दिशेने धरा आणि मीटर लावून वर-खाली करा. फ्लोट अडकतो का, स्विच दर वेळी एकाच उंचीवर बदलतो का, हे आधी थंड तेलात बघा, मग गरम पाण्याच्या भांड्यात बरणी ठेवून कोमट तेलात. फ्लोटवर काळा चिकटा असेल तर केरोसीन आणि मऊ ब्रशने धुवा आणि पुन्हा तपासा. बऱ्याचदा तेवढ्यानेच काम होतं. पण हाच चिकटा संपमध्येही असणार, तेव्हा दिवा शांत झाला म्हणून विषय सोडू नका, संप उघडून तेल शोषणाऱ्या नळीची जाळी बघायचं ठरवा. बरणीतही सेन्सर चुकला तर नवा मागवा, जुन्यावरचा पार्ट नंबर आणि चेसिस नंबर दोन्ही देऊन.

सगळं जोडल्यावर वही बंद करू नका. हजार किलोमीटर होईपर्यंत दर दोनशे किलोमीटरला, त्याच जागी आणि त्याच पद्धतीने डिपस्टिक बघून नोंद करा, आणि डिकीत त्याच ग्रेडची लिटरची बाटली, नरसाळं आणि जुनं फडकं ठेवा.