कापड उलटं करून बघा

टेक्स्टाईल डिझाईनच्या पहिल्या वर्षाला मी आजीच्या ट्रंकेतली एक सुती साडी वर्गात नेली होती. लाल कोयऱ्यांची, धुऊन धुऊन मऊ झालेली. "हातठशाची आहे, जुनी," असं मी अगदी छातीठोकपणे सांगितलं. सरांनी साडी खिडकीपाशी नेली, उलटी केली आणि फूटपट्टी माझ्या हातात दिली. "ही कोयरी पुन्हा कुठं येते ते मोज." मी दहा ठिकाणी मोजलं. दहाही वेळा अंतर तेवढंच. ठशाचं काम असतं तर दोन ठसे भेटतात तिथं कुठंतरी रंगावर रंग चढला असता, कुठं बारीक फट राहिली असती, ठसा नेमका बसावा म्हणून कोपऱ्यात ठेवलेले ठिपके दिसले असते. यातलं काही नव्हतं. साडी मिलची होती. सरांनी उमेदीची वर्षं परळच्या एका मिलच्या डिझाईन स्टुडिओत काढली होती, त्यांना ती हातात घेतल्याघेतल्याच कळली असणार.

मला तेव्हा फार वाईट वाटलं. आजीची साडी 'खरी' नाही असंच वाटलं. ती कोयरीही कुणीतरी गिरणगावात टेबलावर वाकून, ब्रशनं काढली होती हे लक्षात यायला मला वर्ष लागलं. जुन्या कपड्यांच्या आणि नक्षीच्या अभ्यासाकडे जे आता वळताहेत त्यांना म्हणूनच पहिली गोष्ट सांगते: मिलचं कापड कमी लेखू नका. मुंबईत बसून हा विषय शिकायचा आणि गिरण्यांचं कापड वगळायचं, हे काही बरोबर नाही.

शब्दांचा घोळ आधी मिटवून टाका. धंद्यात साधारण वीस वर्षांच्या पुढच्या कपड्याला विंटेज म्हणतात, शंभरीच्या पुढच्याला अँटिक. जुन्या धर्तीवर आज शिवलेला तो रेट्रो. विकणारे हे तिन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात.

सुरुवात घरातल्या कपाटापासून करा, आणि लवकर करा, कारण जुनी लुगडी बोहारणीकडे जाऊन त्यांच्या बदल्यात स्टीलची पातेली आली, हे आपल्या घराघरात झालेलं आहे. मावशी, आत्या, शेजारच्या काकू, सगळ्यांना विचारा. कुणाकडे पैठणी असेल तर पदर उलटा करून बघू द्या म्हणावं. हातमागाच्या पैठणीत नक्षीसाठी धोटा आरपार फेकत नाहीत. रंगीत रेशमाच्या छोट्या तिल्ल्या घेऊन मोराचा निळा मोरापुरता, पानाचा हिरवा पानापुरता भरत जातात आणि दोन रंग भेटतात तिथं धागे एकमेकांत अडकवतात. म्हणून मोर मागूनही तसाच दिसतो. यंत्रावरच्या नकलेत मागं मोकळे धागे लोंबत असतात. बांगडी मोर, मुनिया, आसावली ही नावं पाठ करण्याआधी हे एकदा बोटानं चाचपून बघा, नावं मग आपोआप बसतात.

आकारावरून कापडाचं वय ठरवू नका, ही माझी पोळलेल्या माणसाची सूचना. कोयरी काश्मिरी शालींवरून युरोपात गेली. स्कॉटलंडच्या पेस्ली गावात जॅकार्ड, म्हणजे छिद्रांच्या पत्त्यांवरून नक्षी विणणाऱ्या, मागांवर तसल्या शाली इतक्या विणल्या गेल्या की इंग्रजीत त्या आकाराला गावाचंच नाव पडलं. आपल्याकडे तीच हळदीकुंकवाच्या कोयरीच्या आकाराची. इतकी फिरलेली नक्षी तारीख कशी सांगणार? तारीख सांगतो धागा, रंग, छपाईची पद्धत.

कलेचा कपड्यावरचा प्रभाव म्हटलं की सगळे चित्र छापलेला कुर्ता दाखवतात. फ्रेंच फॅशन डिझायनर इव्ह सां लोराँनं १९६५ साली चित्रकार मोंद्रियानच्या रंगीत चौकोनांच्या चित्रांवरून केलेले पोशाख नीट बघा. तिथं चित्र छापलेलंच नाही. रंगीत कापडाचे चौकोन वेगवेगळे कापून जोडलेत आणि अंगाला बसण्यासाठी लागणारे आकार त्या जोडांत लपवलेत. चित्र सपाट असतं, माणूस नसतो. त्या शिवणीत तो प्रश्न सोडवलेला आहे. आणि ही वाट उलटीही जाते. आपले चित्रकार प्रभाकर बरवे जे. जे. मधून शिकून १९६१ साली हातमागासाठीच्या सरकारी विणकर सेवा केंद्रात लागले, आधी बनारसला, मग मुंबईत. बनारसला तंत्रसाधनेतल्या चित्रांशी जी ओळख झाली ती पुढं त्यांच्या कॅनव्हासवर उतरली. हातमागाच्या नोकरीनं चित्रकाराला काय दिलं, यावर कुणीतरी मनापासून अभ्यास करावा अशी माझी फार इच्छा आहे.

नोकरीबद्दल एकच सांगते. माझ्या पहिल्या कंपनीत मी आठ दिवस खपून एक फुलांचं डिझाईन काढलं, रिपीट, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा नक्षीचा तुकडा, तीस सेंटिमीटरचं. ते रोटरीवर, म्हणजे फिरत्या नळकांड्यांनी छापणाऱ्या यंत्रावर, जाणार होतं. रोटरी स्क्रीनचा घेर बहुधा चौसष्ट सेंटिमीटर असतो, त्यामुळे रिपीटनं चौसष्टला पूर्ण भाग जायला हवा. हे मला कुणीही आधी सांगितलं नव्हतं, बोलणी मात्र मीच खाल्ली. बत्तीसवर सगळं पुन्हा काढलं. तुम्ही पेन्सिल उचलण्याआधी विचारा: छपाई कशावर?

फिरायला मंगळदास मार्केट आहे, सकाळी दुकानदार जरा निवांत असतात तेव्हा जा आणि कापडाला हात लावा. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या वस्त्रदालनात फोटोवर भागवू नका. एक काठ निवडा, वहीत त्याचं रिपीट काढा. तासभर लागतो, पण नक्षी कुठं वळते हे हाताला कळतं.

रद्दीच्या दुकानांनाही सोडू नका. मला तिथं एका बंद पडलेल्या मिलची नमुन्यांची वही मिळाली, खाकी पुठ्ठ्याची, पानोपानी छापील कापडाची कात्रणं चिकटवलेली. एका पानावर पेन्सिलीनं लिहिलंय, "३ रंग. पिवळा कमी करा." खाली दोन तुकडे शेजारी शेजारी, आधीचा आणि नंतरचा. फरक इतका थोडा की दिव्याखाली दिसतच नाही, दिवसाच्या उजेडात धरावे लागतात. माझ्याकडे नवीन कुणी शिकायला आलं की मी ते पान उघडून देते आणि दुसरा पिवळा पोस्टर कलरनं जुळवायला सांगते. बहुतेकांची दुपार त्यातच जाते.